शिवलेली पिशवी

रामीबाई कापडदुकानाच्या पायरीवर बसली आणि सुईदोरा काढून तिनं आपल्या पिशवीचं तोंड शिवायला घेतलं. दारावरचा बाबूलाल पाहत होता. त्यानं पाहावं म्हणूनच तर ती तिथं बसली होती.

"काय करून राह्यली वं?" त्यानं विचारलं.

"तुह्या डोयासमोर शिवून राह्यली. पाहून घे, आत भाकर हाये अन् मिरच्या हायेत. जाताना मले अडवू नको."

लढाई सुरू झाल्यापासून वाशीमच्या बाजारात कापड मिळेनासं झालं होतं, आणि चोरी होऊ नये म्हणून शेठनं दाराशी माणूस बसवला होता. म्हणायला तो सगळ्यांसाठी होता. झडती मात्र बंजारा तांड्यावरच्या बायकांचीच व्हायची. मागच्या खेपेला बाबूलालनं रामीबाईची पिशवी भर रस्त्यात उलटी केली होती. तिनं ते मुकाट गिळलं. आज गिळून भागणार नव्हतं. आज तिच्यासोबत धरमसिंग आला होता, दुसऱ्या तांड्यावरचा, तिचा होणारा व्याही. लेकीच्या लग्नाचं कापड दोघांनी मिळून घ्यायचं ठरलं होतं. त्याच्यादेखत झडती झाली तर हा माणूस तांड्यावर जाऊन काय सांगेल? अशा घरची पोर कोण करून घेतं?

तो बैल बांधून येईपर्यंत तिनं शेवटचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला.

आत सगळं छान झालं. धरमसिंग मोठा चोखंदळ निघाला. त्यानं दोन थानं नापसंत केली. तिसरं उजेडात नेऊन पाहिलं, लाल रंग पक्का आहे का म्हणून थुंकी लावून चोळलं. "पोरगी राणीवानी दिसली पायजे," तो म्हणाला. रामीबाईला भरून आलं. पोरीनं नशीब काढलं, असं तिला वाटलं. कापड रोखीनं घेतलं, धरमसिंगनं ते काखेत मारलं आणि दोघं निघाले.

त्यांच्या पुढं गोजराबाई पाटलीण होत्या. त्यांची पिशवी चांगली फुगलेली होती. बाबूलाल उठून उभा राहिला, त्यानं रामराम केला आणि त्या गेल्या. मग त्यानं दारात काठी आडवी धरली.

"थांब. खोल ते."

"तुह्यासमोरच शिवली ना मी! सांग ना शेठले."

बाबूलालनं काठी तशीच आडवी धरून ठेवली. शेठ गादीवरूनच म्हणाला, "पिशवी कोनी शिवते का? ज्याले लपवाचं असते तोच शिवते."

"आताच पाटलीनबाई गेल्या. त्यायची काहून नाई पाह्यली?"

गिऱ्हाइकं हसली. शेठही हसला. "अवं, त्या पाटलीन हायेत!"

कात्री आली. टाके उसवायची तसदी कोण घेतो? बाबूलालनं पिशवी मधोमध कापली. तिच्यावर जडवलेल्या कवड्या फरशीवर घरंगळल्या. भाकर निघाली. मिरच्या निघाल्या. दुसरं काही निघालं नाही.

"मंग कायले एवढा तमाशा केला?" शेठ म्हणाला. "जाय आता."

रामीबाई खाली बसून कवड्या वेचू लागली. एकेक कवडी ती पदरात टाकत होती. वर पाहायची तिला छाती होत नव्हती. धरमसिंगनं आता ओरडावं, असं तिला वाटत होतं. ते कापड शेठच्या तोंडावर फेकावं. नाहीतर सोयरीक मोडली म्हणून इथंच सांगून टाकावं. मोडली तर मोडली, पण त्यानं काहीतरी करावं. शेवटी तिनं मान वर केली.

धरमसिंग दारात उभा होता. बाबूलालचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. धरमसिंगनं काखेतलं कापड खाली ठेवलं. डोईचं पागोटं उतरवून पूर्ण सोडलं आणि झटकून दाखवलं. जोडे काढले, उलटे करून आपटले. मग दोन्ही हात वर करून तो बाबूलालसमोर उभा राहिला.

"पाहून घ्या, मालक," तो म्हणाला.