पिशवीसकट पक्षी

२००१ साली घड्याळजीने घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं शटर शेवटचं ओढलं, तेव्हा त्याच्याकडे अधू डोळे, ताठ मान आणि चांदीचे बारा पक्षी एवढंच उरलं होतं.

पक्षी म्हणजे नाणी. टाकसाळ दरवर्षी एक नवा पक्षी काढायची, बशीएवढा, अर्ध्या किलोचा, आणि तेही मोजकेच नग. चांगल्या दिवसांत घड्याळजीने बारा वर्षांत बारा घेतले. प्रत्येक आपल्या पारदर्शक डबीत, टाकसाळीच्या चिठ्ठीसह बंद. बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिने उरलेल्या निळ्या कापडाच्या नाडीवाल्या बारा पिशव्या करून दिल्या.

"डबी उघडायची नाही, पुसायचं तर नावच नको," तो बजावायचा. "बोट लागलं की वरचा भाव गेला."

"मी कशाला हात लावू तुमच्या पाखरांना?" ती म्हणायची.

दुकान बंद झालं त्याच आठवड्यात मेहुणा आला. भंगारवाला माणूस. आयुष्यभर दोनच हत्यारं चालवली, तराजू आणि टोमणा.

"भावजी, आणा ती नाणी. वजनाच्या भावाने घेतो, रोख."

"वजनाने लोखंड वीक. यांना वजनावर आणखी भाव असतो. जुनं साल, कमी नग, न हाताळलेला माल. चांदी पडली तरी तो पडत नाही."

"चित्राचे पैसे कोण देतो हो? मग काय, ताईच्या मशीनवर जेवणार?"

स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरातच आपटलं. घड्याळजी खुर्चीतून उठला.

"घरखर्चातला माझा वाटा मी मरेपर्यंत देईन. तुझ्या ताईच्या कमाईतला एक घास खाल्ला, तर बापाचं नाव लावणार नाही."

बोलून तर बसला. दुसऱ्या दिवशी पहिला पक्षी घेऊन सराफाकडे गेला. सराफ जुन्या ओळखीचा; त्याच्या पोरींचे गणवेश याच घरातून शिवून जायचे. त्याने नाणं तोललं आणि हनुवटी खाजवली.

"काका, चांदी मातीमोल झालीय. वजनाचेच मिळतील. बरं, ठेवून जा. एखादा शौकीन सापडतो का बघू."

चार दिवसांनी निरोप आला. घड्याळजी चप्पल उलटसुलट अडकवून धावला.

"सापडलं गिऱ्हाईक!" सराफ म्हणाला. "वजनाच्या दीडपट. दरवर्षी एक घेईन म्हणतंय. अट एकच, पिशवीसकट हवं."

"पिशवी कशाला?"

"आता शौकीन म्हटलं की तऱ्हेवाईकपणा आलाच, काका."

"तऱ्हेवाईक नव्हे, पारखी," घड्याळजी म्हणाला आणि छाती काढून घरी आला. त्या महिन्याचा वाटा बायकोच्या तळहातावर ठेवला.

"किती आला हो भाव?"

"दीडपट!"

"अगं बाई!" ती म्हणाली, आणि त्या रात्री शिरा झाला.

मग दरवर्षी एक पक्षी उडू लागला. चांदी चढो की पडो, दीडपट म्हणजे दीडपट. एका वर्षी चांदी आभाळाला टेकली, तेव्हा मात्र सराफाने मान खाजवली. "गिऱ्हाईक महिनाभर मुदत मागतंय."

"देऊ की. खानदानी माणूस आहे."

नेमकं त्याच महिन्यात बायकोचं मशीन असं काही धडधडत सुटलं, की घड्याळजीला दुपारी डोळा लावता येईना.

"अगं, जरा दम घे."

"शाळा उघडायला आल्यात," ती मान वर न करता म्हणाली.

मेहुण्याची जीभ हळूहळू टाळ्याला चिकटली. पुढे पुढे तर तोच चारचौघांना घेऊन यायचा. "आमच्या भावजींना विचारा. चांदीतलं यांच्याइतकं कुणाला कळत नाही." घड्याळजी पाय लांब करून सांगायचा, आणि आतून चहाचे कप येत राहायचे.

बारावा पक्षी विकला, त्याच्या पुढच्या वर्षी घड्याळजी गेला. शेवटचा वाटा आदल्याच एक तारखेला देऊन झाला होता. ताठ मानेनेच गेला.

मेहुण्याने त्याचा कित्ता गिरवून चार पक्षी घेऊन ठेवले होते. विकायला गेला, तर वजनावर चहापाण्यापुरतेच सुटले. "ते दीडपटवालं गिऱ्हाईक कुठाय?" तो सराफावर खेकसला. "बाजारातून उठलं," सराफ म्हणाला. पुढे त्यानेही दुकान मुलाच्या हवाली केलं आणि तो गावाबाहेर गुलाब लावत बसला. मेहुणा रडत बहिणीकडे आला, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या नाण्यांना पिशव्या नव्हत्या ना रे, बाबा."

ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत शिवत राहिली. ती गेल्यावर मशीन लेकीकडे आलं. लेकीने बॉबिन शोधायला खालचा खण ओढला, तर तो जड म्हणून निघेना. दोन्ही हातांनी हिसडला, तेव्हा आत निळ्या कापडाच्या बारा पिशव्या होत्या, नाड्या बांधलेल्या.