मेथीचा डबा

परवापासून हरवलेला मेथीचा डबा आज फळीवर परत आला होता, घासूनपुसून, रिकामा.

"त्यात लपवलेल्या गोळ्या मीच फेकल्या," सासूबाई मागून म्हणाल्या. "रागावले नाही गं. बाळंतपणाची भीती कुणाला नसते? पण मूल नको म्हणून चोरून गोळ्या खायच्या? मी आहे ना सगळं करायला!" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिला तर मूल हवंच होतं. त्यासाठीच गेल्या आठवड्यात ती गुपचूप डॉक्टरीणबाईंना भेटून आली होती. फिट येताना आधी डावा अंगठा उडतो, हे तिनं सांगितलं होतं. "औषध हळूहळू बदलू, मग दिवस राहू द्या," त्या म्हणाल्या होत्या. "पण गोळी एकही दिवस चुकवायची नाही."

"आई, मला फिट्स येतात. त्या गोळ्या त्यावरच्या होत्या."

पाठीवरचा हात थांबला, मग निघाला. "तुझ्या घरच्यांनी हे लपवलं?" सासूबाई आपल्या मुलाला फोन लावू लागल्या.

"फोन मग करा," तिनं त्यांचा पदर घट्ट धरला. "आधी गोळ्या आणा, पाया पडते."

पदरावरचा तिचा डावा अंगठा उडायला लागला होता.