स्प्रेमाती, स्प्रेमिती

"स्प्रेमाम, स्प्रेमाश, स्प्रेमा," मिलेन्का बटाटे सोलता सोलता घोकत होती. सालींबरोबर निम्मा बटाटाही चालला होता. तोंका तेताने तिकडे कानाडोळा केला. आज बटाट्यापेक्षा इथल्या भाषेतलं क्रियापद महत्त्वाचं होतं.

"हे चालू कामाचं झालं. आता उरकलेल्या कामाचं सांग. काल काय केलंस?"

"काल मी जेवण करत होते."

"करत होतीस की केलंस? आपण जेवलो ना काल? मग दुसरं क्रियापद घे, स्प्रेमिती! तुमच्या चिलीत काय कोणी काम पुरं करतच नाही का?"

मिलेन्का खिदळली. तेतालाही हसू आवरेना.

मिलेन्का तोंकाच्या भावाची नात, म्हणून तोंका तिची तेता, म्हणजे आत्या. फ्राने नावाचा हा भाऊ तरुणपणी या ब्राच बेटावरून चिलीला गेला तो गेलाच, तिकडेच मेला. पण गावातल्या या घराचा निम्मा हिस्सा त्याच्या नावावर राहिला होता, आणि आता तो त्याची एकुलती वारस म्हणून या पोरीकडे आला होता. गुरुवारी बेटावरच्या सुपेतारला नोटरीकडे जाऊन पोरीने सही केली की तो हिस्सा तेताचा होणार होता. कागद छपराच्या दुरुस्तीचा आहे, असं तेताने तिला सांगितलं होतं. होता तो बक्षीसपत्राचा.

अडचण एकच होती. पोरीला इथली भाषा येत नाही असं दिसलं तर नोटरी दुभाषी बसवणार. दुभाषी ओळ न् ओळ स्पॅनिशमध्ये वाचून दाखवणार, आणि मग सगळंच उघडं पडणार. म्हणून तेताने विचार करून स्प्रेमाती-स्प्रेमिती ही जोडी निवडली होती. स्वयंपाक करायचा, घर आवरायचं, धुतलेले कपडे कपाटात ठेवायचे, बाहेर जायला तयार व्हायचं, परीक्षेचा अभ्यास करायचा, सगळ्याला हे एकच क्रियापद. तेवढं जिभेवर बसलं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस सांगता येतो. नोटरीने काही विचारलं की पोरीने दोन मिनिटं धडाधड बोलायचं. तेवढ्यावर भागेल, असा तेताचा हिशेब होता.

आपण पोरीला फसवतोय हे तिला कळत होतं. पण चाळीस हिवाळे तिने या छपराखाली काढले होते. बुरा नावाच्या वादळी वाऱ्याने कौलं उडाली तेव्हा चिलीहून कोण धावून आलं होतं? आणि पोरीला घालवून द्यायचं तिच्या मनात मुळीच नव्हतं. उलट स्वतःचा नवरा गेल्यापासून तेता कधी हसली नव्हती तेवढी पोर आल्यापासूनच्या या दीड महिन्यात हसली होती. पोरीने इथेच राहावं, समुद्राकडच्या खोलीत संसार थाटावा, तिची पोरंबाळं अंगणात खेळावीत, हे सगळं तिने मनात रंगवून ठेवलं होतं. फक्त घर आधी एका नावावर व्हायला हवं होतं.

गुरुवारी नोटरी दुयमोविच यांनी मिलेन्काला विचारलं, "इथे काय करता तुम्ही दिवसभर?"

मिलेन्का ताठ बसली. सकाळी मी खोली आवरते, म्हणाली. मग आम्ही दोघी जेवण करतो. काल मी मासळी केली, तेताने भाजी केली, भांडी मी कपाटात लावली. एकही चूक नाही. तेताचा ऊर भरून आला.

दुयमोविच यांनी कागद वाचून दाखवला. तेताने डोळ्याच्या कोपऱ्यातून पोरीकडे पाहिलं. पोर खिडकीबाहेरच्या बोटी बघत होती.

"समजलं?"

"समजलं," मिलेन्का म्हणाली.

दुयमोविच यांनी चष्मा काढला आणि ते तेताकडे वळले. "देणारा सहसा एखादी खोली आयुष्यभर राहायला स्वतःकडे ठेवतो. समुद्राकडची खोली हिला, असं एक वाक्य घालतो. तुमची हरकत नाही ना?"

तेताने मनात हिशेब केला. आज एक खोली, उद्या हिचा नवरा येईल, परवा स्वयंपाकघर. कागदावर चढलं ते पुन्हा उतरत नाही. आणि बोलणं लांबलं तर या पोरीला सगळा उलगडा होईल. तोंडी म्हटलं तर ती खोली पोरीचीच होती.

"कागदावर कशाला?" ती घाईघाईने म्हणाली. "घरच्या माणसांत काय लिहायचं असतं?"

"म्हणजे, नको?"

"नको."

मिलेन्काने सही केली. पेन जागेवर ठेवलं, उठली, तेताच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि बाहेर पडली. तेताला वाटलं, पोरगी कॉफीच्या दुकानात जाऊन थांबेल. तेता हायसं वाटून खुर्चीत मागे टेकली. झालं एकदाचं. घर तिचं झालं होतं.

दुयमोविच शिक्के मारत होते. मान वर न करता ते म्हणाले, "सोमवारी ती इथे आली होती. स्प्लिट शहराहून दुभाषी घेऊन. सगळा कागद समजून घेतला."

तेताने खुर्चीचा हात घट्ट धरला. "आणि तरी सही केली?"

"सही ती करणारच होती. घर तेताने सांभाळलं, तेताचंच आहे, म्हणाली. खोलीचं तेवढं तुम्हाला विचारायला तिनेच सांगितलं होतं." त्यांनी शेवटचा शिक्का मारला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "तेता हो म्हणाली तर राहते, म्हणाली होती."