जागा पसंत पडेपर्यंत

"ही पण नको," भगवंतांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "ऊन येतंय."

ही चौथी जागा. पहिलीच्या शेजारी संडास होते, दुसरी उतारावर होती, तिसरीच्या नळाला धार बारीक. खरवईच्या पुढे नदीकाठी, मुक्कामाच्या गाड्या लावायच्या त्या सरकारी कॅरव्हॅन पार्कात दुपारच्या वेळी दुसरं कुणीच नव्हतं. गाडीसमोर टोपी घातलेला एकटा पोरगा घाम पुसत उभा होता.

"चालतंय काका. थोडी रिव्हर्स घ्या, सहा नंबर दाखवतो."

शेजारी बसलेल्या वेणूताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, किती छळाल त्याला?"

"छळायलाच आलोय," भगवंत पुटपुटले.

खोटं नव्हतं ते. मुक्कामाशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. गाडीसुद्धा भाड्याची होती. धाकट्या शलाकाला या पार्काच्या मॅनेजरचं, समर्थचं, स्थळ आलं होतं आणि रविवारी होकार-नकार कळवायचा होता. थोरल्या अक्षदाच्या वेळी ते पोह्यांची बशी संपायच्या आत मुलाच्या गोड बोलण्याला भुलले आणि हो म्हणून बसले. मुलाची नोकरी खोटी निघाली, मारहाण मात्र खरी. दोन वर्षांपासून अक्षदा माहेरी आहे, आणि तिच्याकडे बघताना भगवंतांना आजही स्वतःची लाज वाटते. म्हणून या खेपेला त्यांनी ठरवलं होतं, की मुलगा बघायचा तो त्याच्या कामावर, त्याला न सांगता, आणि तो पार वैतागेपर्यंत.

नाव त्यांनी मुद्दामच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पोरगा सावध झाला असता. बायोडेटातला फोटो खिशात होता, पण स्टुडिओवाल्याने तो असा घासूनपुसून गोरा केला होता, की सख्ख्या आईनेही दोनदा बघितला असता. हा उन्हात करपलेला, पण उंची आणि मिशी जुळत होती. तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

सहा नंबरवर गाडी लागली. भगवंतांनी उतरून नळ सोडला, बंद केला, परत सोडला.

"बिअर थंड करून मिळेल काय रे?"

"इथं अलाउड नाही काका. लिंबू सरबत सांगू?"

"तू घेत नाहीस?"

"नाही."

फारच पटकन नाही म्हणाला. अक्षदाचा नवराही असाच पटकन नाही म्हणाला होता.

तेवढ्यात पोराचा फोन वाजला. तो लांब जाऊन, पाठ करून बोलायला लागला. भगवंत नळाशी वाकले ते कान द्यायलाच.

"काय म्हणते? अजून चिडली नाही? मग बस ना अजून थोडा वेळ. इथलं मी बघतो, टेन्शन नको घेऊ."

भगवंतांनी नळ बंद केला. म्हणजे मध्ये एक पोरगी आहे तर!

"कोण चिडत नाहीये रे?" त्यांनी हसत विचारलं.

पोरगा गडबडला. "दोस्ताची भानगड आहे काका. जमायचंय त्याचं कुठंतरी."

दोस्ताची! अडचणीत सापडलेला प्रत्येक जण आधी दोस्ताचंच नाव पुढे करतो, हे काय भगवंतांना ठाऊक नव्हतं? त्यांनी वेणूताईंकडे बघून भुवई उडवली. वेणूताईंनी तोंड फिरवलं. त्यांना पोरगा मघाशीच आवडला होता.

"हीपण जागा नको," भगवंत म्हणाले. "ती नऊ नंबर दे. झाड आहे तिथं."

पोराचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "ती नको काका."

"का?"

"बंद आहे."

"बोर्ड तर कुठं दिसत नाही."

"दहा घ्या ना. तिथं पण सावली आहे."

सापडला! रिकाम्या बाटल्या असतील, नाहीतर पत्त्यांचा अड्डा असेल. भगवंत तरातरा निघाले. पोरगा धावत पुढे गेला आणि दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"काका, पाय जपून!"

झाडापलीकडच्या उघड्या खडीवर दगडांचं छोटं रिंगण मांडलेलं होतं. आत मातकट ठिपक्यांची चार अंडी होती. डोक्यावर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती.

"सांगितलं की लोक फोटो काढायला येतात," पोरगा हळूच म्हणाला. "मग ती अंड्यांवर बसत नाही. उन्हात खराब होतात. पिल्लं निघेपर्यंत ही जागा कुणालाच द्यायची नाही, असं ठरवलंय आम्ही. साहेब आले तरी नाही."

दोन वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं भगवंतांना वाटलं. पाखराच्या अंड्यांसाठी जो साहेबाला अडवायला तयार आहे, तो आपल्या पोरीवर हात उचलणार नाही. त्यांनी मागे बघितलं. वेणूताई पदराने डोळे टिपत होत्या.

"बाळा, आम्हाला गाडी लावायचीच नाही," भगवंत म्हणाले. "मी उल्हासनगरचा, कॅम्प तीनचा जीन्सवाला. शलाकाचा बाप. आज तिला दुकानात बसवून मुद्दाम तुला बघायला आलो होतो. खूप त्रास दिला, माफ कर. स्थळ आम्हाला पसंत आहे."

पोराने टोपी काढली. एकदा भगवंतांकडे बघितलं, एकदा हातातल्या फोनकडे.

"काका, मी पुष्कर. समर्थचा दोस्त. आज फक्त त्याच्या जागी ड्युटीला उभा राहिलोय."

"मग समर्थ कुठाय?"

"रागावू नका हां," पुष्कर म्हणाला. "तो सकाळपासून तुमच्याच दुकानात बसलाय, गिऱ्हाईक बनून. तीस जीन्स उलगडून घेतल्यात त्यानं शलाकाकडून, आणि आत्ताच फोनवर म्हणाला, पोरगी एकदम सोनं आहे, पण तिच्या बापाची नीट चौकशी केल्याशिवाय आपण हो म्हणायचं नाही."