बदली गाडीवरचा कर

"करमाफीच्या अर्जाची शेवटची तारीख आज आहे, काका. आणि खिडकी पाचला बंद होते."

"म्हणून तर धापा टाकत आलो," घड्याळजी म्हणाले. त्यांचा उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातानं त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि काउंटरवर ठेवून सुरकुती मोडावी तसे हळूच सारखे केले.

कारकून बाईंनी आधी प्लास्टर पाहिलं, मग कागद.

मागच्या टेबलावरून हेडक्लार्कचा आवाज आला. "बाई, आवरा. तुमची बस चुकेल. गाडी अजून गॅरेजातच ना? बाळंतपणाला माहेरी गेलीय की काय?"

"पार्ट मिळत नाहीये," त्या मान वर न करता म्हणाल्या.

विमा कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं. वर घड्याळजींचं नाव-पत्ता, मग गाडीचा नंबर, अपघाताची तारीख, आणि गाडी दुरुस्तीपलीकडे गेल्याचा निकाल. दुसरा कागद जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याचा. त्यात नव्यानं घ्यायच्या गाडीची किंमत, आणि खाली वेगळ्या ओळीत विक्रीकर.

"या खालच्या ओळीनंच घात केलाय," घड्याळजी म्हणाले. "विम्याच्या पैशांत गाडी बसते, कर बसत नाही. तेवढा माफ झाला तर गाडी येईल दारात. हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. शेजारी नेतात बिचारे, पण रोज उठून त्यांच्यापुढं किती तोंड वेंगाडायचं? आणि हात असा, म्हणून घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप."

"चूक तुमची नसेल तर कर माफ होतो. पोलिसांचा दाखला?"

"परवा मिळेल म्हणतात."

"परवा उपयोग नाही." त्यांनी खणातून कोरा अर्ज काढला. "दाखला मागाहून जोडा. अर्ज मी भरते. तुम्ही फक्त काय झालं ते सांगा."

घड्याळजींनी भिंतीवर नजर टाकली. "तुमचं घड्याळ सात मिनिटं मागं आहे, बाई."

"राहू दे मागं. आज तेच आपल्या कामाचं."

ते हसले. मग हसू हळूहळू मिटलं, सांजेला फूल मिटावं तसं.

"सांगण्यासारखं काय? दिवेलागणीची वेळ. मी आपल्या बाजूनं, नेहमीसारखा हळू. ही म्हणते, तुम्ही गाडी नाही, काटा चालवता. समोरून एक गाडी आली ती सरळ अंगावर. माझी फिरली, कशावर तरी आदळली. ती दुसरी पुढं जाऊन थांबली."

"थांबली?"

"थांबली ना. दार अर्धं उघडलेलं दिसलं मला. वाटलं, आलं कुणीतरी. मी हाक पण मारली." त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. "मग दार लागलं. गेली."

पेन थांबलं होतं. बाईंनी पदरानं कपाळ टिपलं, पंखा डोक्यावर फिरत असताना.

"नंबर? रंग?"

"डोळ्यांत काचेचा चुरा होता. त्या दारापलीकडे काही दिसलं नाही."

त्या लिहायला लागल्या. अक्षर मोत्यासारखं, हात सवयीचा. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, तारीख, एकामागून एक रकाने भरत गेले. ओळीखाली ओळ सरळ उतरत होती. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अर्जदाराची कोणतीही चूक नाही', आणि त्याखाली रेघ ओढली.

अर्ज घेऊन त्या हेडक्लार्ककडे गेल्या. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, वरची चार अक्षरं वाचली आणि थेट तळाशी आला.

"दाखला नाही, समोरच्या गाडीचा नंबर नाही. आणि चूक नाही म्हणून खाली रेघ. तुम्ही काय तिथं उभ्या होतात?"

"माणूस बघून कळतं, साहेब."

"माणूस बघून सही करायला लागलो तर हे ऑफिस विकावं लागेल."

"दाखला नाही आला तर कर माझ्या पगारातून कापा. तसं लिहून देते."

हेडक्लार्कनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पंधरा वर्षांत या बाईनं कुणासाठी टाचणी जास्तीची दिली नव्हती.

"काका तुमचे कोण?"

"कुणी नाहीत."

त्यानं डोकं हलवलं, सही केली, शिक्का हाणला.

बाई परतल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती. "झालं, काका. मंजूर. एकदा वाचून डाव्या हाताचा अंगठा द्या, की गाडी तुमची."

घड्याळजींचे डोळे भरले. "मुली, माझ्या पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं. हात बरा झाला की पहिलं काम तुमच्या या घड्याळाचं. फुकट."

"नको, काका," त्या म्हणाल्या. "खरंच नको."

"बरं तर. वाचतो आणि सुटतो." त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. चाळीस वर्षांची सवय. केसाएवढी स्प्रिंगही त्या भिंगाखालून निसटली नव्हती. ते बोट ठेवून हळू वाचत गेले. नाव बरोबर. पत्ता बरोबर. तारीख बरोबर. प्रत्येक ओळीला मान हलत होती.

"अपघाताचं ठिकाण," त्यांनी वाचलं, "दगडी पुलाचा उतार, वाकलेल्या दिव्याच्या खांबाजवळ."

मान हलली नाही. बोट तिथंच राहिलं. काउंटरपलीकडे बाई शाईचा पॅड उघडत होत्या.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "ठिकाण मी सांगितलंच नव्हतं."