लाल ठिपका

दीक्षाने कोडच्या त्या ओळीपुढे पुन्हा लाल ठिपका लावला. ठिपका लावला की ॲपने तिथं येऊन थांबायचं, म्हणजे त्याच्या पोटात काय दुखतंय ते बघता येतं. ॲप थांबलं नाही. हजेरीचा स्क्रीन आला, कामगाराचं नाव आलं आणि ॲप धाडकन बंद पडलं. चूक हुडकणारा डीबगर लॅपटॉपवरून म्हणाला, फोन सापडत नाही. फोन तिच्या कोपराजवळ, वायरीला बांधलेला, मजेत चार्ज होत होता.

"खातोय, पण बोलत नाही," शेजारचा सुजित म्हणाला. "जावई झालाय राव."

दीक्षाला हसू आलं नाही. सकाळपासून तिने वायर बदलली, लॅपटॉप बदलला, ॲप काढून लिंकवरून नव्याने चढवलं. वायफायवरून जोडायचं म्हटलं तर इतक्या जुन्या फोनला आधी वायर लागतेच. दुसऱ्या फोनांवर ॲप शहाण्यासारखं चालायचं. पडायचं ते फक्त ह्याच्यावर. आणि चाकणच्या कंपनीने गेटवर हाच ठेवणार म्हणून तो पाठवलेला. चारला तिथं ॲप दाखवायचं होतं.

रणजीत केबिनमधून बाहेर आला. रावेतची ही इमारत त्याची, खालचं टायरचं दुकान त्याचं आणि वरची सॉफ्टवेअर कंपनीही त्याचीच. कोडमधलं त्याला ओ की ठो कळत नसे; चूक कोणाची, हे मात्र कोड न बघता कळे.

"झालं का न्हाई?"

"डीबगर जोडला जात नाहीये, सर. वायरीतून फोन..."

"दसऱ्याआधी तर चालत हुता." त्याने सुजितला डोळा मारला. "आईनं खंडेनवमीला समद्या मशिनींची पूजा केली. ही एकटी बाजूला हुभी. हात जोडंना, कुंकू लावून घेईना. मग मशीन रुसनार न्हाई व्हय?"

सुजित हसला. मग दीक्षाकडे नजर गेली तसा घाईने आपल्या स्क्रीनमध्ये शिरला.

दीक्षाची कानशिलं तापली. त्या दिवशी ती बाजूला उभी होती, हे खरं. का, ते इथं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी विचारत नसे. पण गप्प नव्हती उभी. "चाचणीचा फोन पूजेत नको, सर," असं तिने सांगितलं होतं. तेव्हा रणजीत म्हणाला होता, "तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

तुमाला. एरवी तो तिला अगं-तुगं करायचा. हा अचानक आलेला मान कसला, ते तिला तिथल्या तिथं कळलं होतं.

"या म्हैन्यात तुला कायम करनार हुतो," रणजीत आता म्हणाला. "चारला जमलं न्हाई, तर ते इसर. दुसरी बघतो. जरा देवाधर्माची."

दीक्षाने हिसका देऊन वायर उपसली आणि पुन्हा खुपसली. दातओठ खाऊन दाबली, तरी ती केसभर बाहेरच राहिली. तिचा हात थांबला. तिने फोन पालथा केला. पाठीवर रणजीतच्या आईने, कौशल्याबाईंनी लावलेला कुंकवाचा ठिपका वाळून तडकला होता, आणि त्याखालून हळदीचा ओघळ थेट चार्जिंगच्या भोकापर्यंत गेला होता.

तिने ओढणीची सेफ्टी पिन काढली. आधी पिवळा भुगा आला. मग टोकाला लागून एक दाणा आला.

वायर आत बसली. खट्ट. दीक्षाने ॲप चालवलं. हजेरीचा स्क्रीन, कामगाराचं नाव, आणि बरोबर त्या ओळीवर येऊन ॲप गुमान थांबलं.

"सापडला ना फोन!" सुजित ओरडला.

"सर, हात पुढे करा," दीक्षा म्हणाली.

रणजीतचा हात सवयीने पुढे आला. उजवा वर, त्याच्याखाली डावा. तिने त्यात तो तांदळाचा दाणा ठेवला. कुंकवाने माखलेली अक्षत.

"तुमच्यातलं आहे," ती म्हणाली. "मला नाही कळायचं त्यातलं."

ती वळून कामाला लागली. रणजीतने कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग तळहाताकडे. अक्षत; टाकायची तरी कुठं? हातावर तो लाल ठिपका घेऊन तो तिथंच थांबला.