जेऊरचं स्थळ

सोमवार

आकाशपाळणा वर गेला तशी बसव्वानं डोळे घट्ट मिटले आणि खाली येताना कानडीत देवाचा धावा केला. उतरल्यावर म्हणाली, "आणखी एकदा."

गड्ड्याची जत्रा भरात होती. तिचा मुलगा शिवयोगी उसन्या बॉक्स कॅमेऱ्यानं दिसेल त्याचे फोटो काढत होता. जिलेबी, पाळणा, आई, पुन्हा जिलेबी. पुढच्या सोमवारी त्याला भिलईच्या नव्या नोकरीसाठी गाडी धरायची होती. त्याआधी लग्न ठरायलाच हवं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

शेजारच्या गोजरबाई बांगड्यांच्या दुकानाशी भेटल्या. "काय रं, कुटं जमतंय का न्हाय?"

"या आठवड्यात जमवतोच, काकी."

"जमव बाबा. एकट्या माणसाला भाकरी गोड लागत न्हाय."

मंगळवार

अकलूज. गुरुबसप्पा, शिवयोगीच्या दिवंगत वडिलांचे जुने स्नेही. उसाचा रस. त्यावर आणखी रस. नको म्हटलं म्हणून आणखी एक पेला.

त्यांनी जेऊरचं स्थळ काढलं. सिद्धाप्पा, रेल्वेतले कारकून, आणि त्यांची लेक शरणम्मा. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच.

"माणसं हसरी हायेत," गुरुबसप्पा म्हणाले. "पण पोरगी तिखट. तिला पटलं तरच पुढं."

बसव्वा उसाचं कांडं सोलत राहिली.

बुधवार

फोटो धुऊन आले. बहुतेक हललेले. जो बरा होता तो पाकिटात घालून, गाडीनं निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर जेऊरला धाडला.

गुरुवार

(वाट पाहणं. बसव्वा शेजारणींबरोबर सोंगट्या खेळली. सगळे डाव तिचे. शेजारणी रुसल्या.)

शुक्रवार

निरोप आला : रविवारी या.

शनिवार

आईला नवं इरकली लुगडं. शिवयोगीला जुनाच शर्ट, इस्त्री करून.

"एवढं भारी कशाला रं?" बसव्वा म्हणाली, आणि आरशासमोरून हलली नाही.

रविवार

पॅसेंजर रमतगमत जेऊरला पोचली. शरणम्मानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, मिरची सढळ. सिद्धाप्पांनी खाणं संपायच्या आतच पट मांडला. "तुमी लई चांगलं खेळता म्हणं?"

"खेळून बघा की," बसव्वा म्हणाली.

मोठी माणसं डावात गुंतली तशी तरुण दोघं फलाटावर चक्कर मारायला निघाली.

"आधीची दोन स्थळं मीच परत पाठवली," शरणम्मा म्हणाली.

"का?"

"तितं आप्पांना मान राहिला नसता."

"आमची अव्वा कुणाला कमी लेखत न्हाय. फक्त पहाटे रेडिओ मोठ्यानं लावते."

"लावू दे की. आप्पा पहाटे गातात. लई बेसूर. कुणीतरी वरचढ पायजेच."

दोघं खळखळून हसली. मग ती थांबली. "माझा होकार."

"माझा तर मंगळवारपासून."

घरात सिद्धाप्पा तिसरा डाव हरले होते आणि चौथा मांडत होते.

परतीच्या गाडीत शिवयोगीनं विषय काढला. "आमच्या दोघांचं ठरलं, अव्वा. पण तुझ्या मनाविरुद्ध काई करायचं न्हाय. तू नको म्हणालीस तर हितंच थांबू."

बसव्वा खिडकीबाहेर पाहत राहिली. एक स्टेशन गेलं. दुसरं आलं. तिनं नाही म्हटलं, तर उद्या भिलईची गाडी त्याच्यानं धरवली नसती.

"हरले तरी चिडले न्हाईत," ती अखेर म्हणाली.

"मग?"

तिनं पदर तोंडाला लावला. हसते आहे की रडते आहे, त्याला कळेना.

"व्हय म्हणून कळव," बसव्वा म्हणाली. "पण माज्या माहेरी आता कुणी उरलं न्हाय. माजी पाठवणी तुलाच करावी लागंल, बाळा."